गाडीचा रंग उन्हापेक्षा फडक्याने जास्त झिजतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. गडद निळ्या रंगाची नवी गाडी घेऊन आठ महिने झाले आहेत. ती रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसली जाते, दर आठवड्याला शाम्पू लावून धुतली जाते, आणि तरीही रात्री दिव्याखाली उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसतात. टपावर पक्ष्याच्या विष्ठेचा एक डाग आहे, तो धुऊनही जात नाही. बॉनेटच्या पुढच्या कडेला खडी लागून दोन टवके उडाले आहेत. अशा वेळी वॅक्स, सिरॅमिक कोटिंग आणि संरक्षक फिल्म यांपैकी काय निवडावे?

या प्रश्नातला ‘तरीही’ हा शब्द मला बदलावासा वाटतो. तिथे ‘म्हणूनच’ हवा. वीस वर्षांहून अधिक काळ गाड्यांच्या रंगाचे काम केल्यावर मी असे पाहिले आहे की पहिल्या काही वर्षांत रंगाचे जे नुकसान होते, त्यातले बहुतेक गाडी स्वच्छ करणाऱ्या हातांनीच केलेले असते. उघड्यावर उभी राहणारी, पण क्वचित आणि नीट धुतली जाणारी गाडी पुष्कळदा छपराखाली ठेवून रोज पुसल्या जाणाऱ्या गाडीपेक्षा तकतकीत दिसते. त्यामुळे कोणते आवरण लावावे हा प्रश्न मी मुद्दाम नंतर घेणार आहे. धुण्याची पद्धत बदलली नाही, तर कितीही महागडे आवरण काही महिन्यांत त्याच चऱ्यांनी भरून जाईल.

आधी आपण नेमके काय जपतो आहोत ते पाहू. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर सर्वांत खाली गंजरोधक प्रक्रिया आणि विजेच्या साहाय्याने बसवलेला एक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग देणारा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे मिळून साधारण ९० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी होते, म्हणजे डोक्याच्या दोन केसांएवढी. त्यातला क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो आणि तुम्हाला जी चकाकी दिसते ती त्याचीच असते. त्याखालचा निळा रंग स्वतः जवळजवळ मंदच असतो. अतिनील किरणे शोषून घेणारी द्रव्येही या क्लिअर कोटमध्येच मिसळलेली असतात, त्यामुळे तो जसजसा पातळ होतो तसतशी खालच्या रंगावरची संरक्षक सावली नाहीशी होत जाते. पुढे केव्हातरी तो पांढुरका पडून त्याचे पोपडे सुटू लागतात, आणि त्या अवस्थेवर पॉलिशचा इलाज नाही. तो भाग घासून पुन्हा रंगवावा लागतो.

आता त्या गोल चऱ्यांकडे वळू. ते गोल नसतातच. बॉनेटवर सर्व दिशांनी असंख्य बारीक सरळ चरे पडलेले असतात, पण दिव्याचा प्रकाश डोळ्याकडे परावर्तित करण्याइतका कोन त्यांपैकी फक्त काहींचाच जुळतो, आणि जुळणारे चरे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कड्यासारखे मांडलेले दिसतात. दिवा किंवा तुम्ही सरकलात की ते कडेही सरकते. म्हणून ‘गोल गोल पुसल्यामुळे गोल चरे पडले, आता सरळ पुसू’ या समजुतीने काही साधत नाही. सरळ पुसल्याने चरे एकाच दिशेने पडतात आणि थोडे कमी नजरेत भरतात, एवढाच त्याचा उपयोग. गडद रंगावर ते ठळक दिसतात आणि पांढऱ्या किंवा चंदेरी रंगावर लपून राहतात, पण पडतात सगळ्यांवर सारखेच.

चरे पाडते ती धूळ. साध्या धुळीत वाळूचे सूक्ष्म कण असतात, आणि वाळूतले मुख्य खनिज क्वार्ट्झ हे खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा अंकांत सांगणाऱ्या मोह्सच्या मापनात ७ इतके कठीण, म्हणजे पोलादी चाकूच्या पात्यालाही ओरखडा काढू शकणारे. क्लिअर कोट त्या मानाने फार मऊ असतो. रात्रभर बॉनेटवर बसलेल्या धुळीवरून सकाळी ओले फडके फिरवले की पहिल्या हातभर अंतरात ते फडके धुळीने भरते, आणि त्यानंतर तुम्ही बारीक पॉलिश पेपर फिरवत असता, फक्त तो ओला असतो एवढेच. त्यातून एकाच बादलीत तेच फडके पुन्हा पुन्हा बुडवून सगळी गाडी पुसली जाते. शेवटच्या दारापर्यंत पोचेपर्यंत त्या पाण्याचा रंग पाहिलात, तर मला आणखी काही सांगावे लागणार नाही. कोरडे पिसाऱ्याचे झाडण, जुनी सुती गंजी किंवा स्पंज वापरूनही हेच होते. स्पंजच्या सपाट तळाला तर कण आत ओढून घ्यायला जागाच नसते, ते रंग आणि स्पंज यांच्यामध्येच घरंगळत राहतात.

तेव्हा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रोजचे पुसणे आजपासून बंद करणे. गाडीवर बसलेली धूळ कोरडी आणि निवांत असेपर्यंत रंगाला काहीही करत नाही. ती हलवली तरच इजा करते. काचा आणि आरसे पुसावेत, ते सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहे, पण त्यासाठी वेगळे कापड ठेवावे आणि ते काचेच्या कडेवरून रंगावर जाणार नाही इतपत सांभाळावे.

धुण्याच्या पद्धतीत सर्वांत महत्त्वाचा भाग हात लावण्यापूर्वीचा आहे, आणि नेमका तोच बहुतेक जण घाईने उरकतात. गाडी सावलीत उभी करावी आणि पत्रा हाताला थंड लागेपर्यंत थांबावे, कारण तापलेल्या पत्र्यावर शाम्पू आणि पाणी दोन्ही वाळून डाग पाडतात. चाके आधी धुवावीत, त्यांच्यासाठी ब्रश, बादली आणि कापड पूर्ण वेगळे असावे. ब्रेकच्या पॅडमधून आणि डिस्कमधून झडलेले धातूचे कण तिथे असतात, आणि ते दारांवर आले तर वाळूपेक्षा कमी त्रास देत नाहीत. नंतर सगळ्या गाडीवर भरपूर पाणी सोडावे. प्रेशर वॉशर असेल तर पंख्यासारखा पसरणारा नोझल लावून तो रंगापासून किमान एक फूट लांब धरावा, आणि जिथे टवका उडालेला आहे किंवा रंगाची कड उचललेली आहे तिथे तो रोखून धरू नये, नाहीतर पाण्याची धार कडेखाली शिरून आणखी रंग सोलून काढते. यानंतर फेसाचा थर देऊन तो चार-पाच मिनिटे राहू द्यावा, वाळू मात्र देऊ नये, आणि पुन्हा पाण्याने धुऊन टाकावा. फेस मळ विरघळवून जादू करतो असे नाही. तो सुटी धूळ ओली करून तिला खाली ओघळू देतो, आणि जी धूळ अशी निघून गेली तिच्याशी आपल्या हाताची गाठच पडत नाही.

हात लावताना दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी, आणि दोन्हींच्या तळाशी जाळी ठेवावी, म्हणजे खाली बसलेली वाळू पुन्हा वर येत नाही. लांब तंतूंचा मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवावा, एक भाग धुवावा, साध्या पाण्याच्या बादलीत जाळीवर चोळून तो मोकळा करावा आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवावा. सुरुवात टपापासून करून खाली यावे. दारांचा खालचा तिसरा हिस्सा, मागचा बंपर आणि चाकांमागचा भाग हे सर्वांत शेवटी, शक्य असेल तर वेगळ्या मोज्याने धुवावेत, कारण रस्त्यावरची सगळी वाळू तिथेच उडालेली असते. दाब द्यायचाच नाही. मोज्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार लागत असेल तर तो मळ धुण्याचा नाही, भिजवण्याचा आहे असे समजावे. शाम्पू गाडीसाठीच बनवलेला, उदासीन म्हणजे ना आम्लधर्मी ना अल्कधर्मी असा असावा. भांडी घासायचा साबण एखाद्या वेळी वापरल्याने रंग जळत नाही, पण तो तेलकटपणा काढण्यासाठी बनवलेला असल्याने वॅक्सचा थर उतरवतो आणि हाताला पुरेसा निसरडेपणाही देत नाही. कपड्यांच्या पावडरीचे न विरघळलेले दाणे मात्र सरळ चरे पाडतात.

पुसून कोरडे करणे ही चरे पडण्याची दुसरी मोठी संधी असते. शेवटचे पाणी नोझल काढून, नळीतून सावकाश चादरीसारखे वाहू दिले तर बरेचसे पाणी स्वतःहून ओघळून जाते. उरलेल्यावर मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरावा, त्याला पाणी शोषू द्यावे आणि उचलून घ्यावा. आरशांच्या बेचक्या, दिव्यांच्या कडा, नंबर प्लेटच्या मागची फट अशा जागांतून नंतर पाणी गळत राहते. तिथे ब्लोअरने वारा मारणे उत्तम. रबरी पट्टीने काचेसारखे पाणी ओढणारे लोकही मी पाहिले आहेत. एकच कण त्या पट्टीखाली अडकला की दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध रेघ उमटते.

मायक्रोफायबरबद्दल थोडे सांगायला हवे, कारण चांगले कापड घेऊन ते वाईट रीतीने सांभाळणारे बरेच असतात. हे कापड साधारणपणे ८० टक्के पॉलिएस्टर आणि २० टक्के पॉलिअमाइड यांच्या चिरलेल्या सूक्ष्म तंतूंचे असते, आणि त्या चिरांमध्येच ते कण धरून ठेवते. ते सुती कपड्यांबरोबर धुतले तर त्यांचा कापूस त्यात अडकतो, कपडे मऊ करणारे द्रव घातले तर तंतूंवर लेप बसून त्याची शोषणशक्ती जाते, आणि फार गरम पाण्यात किंवा कडक इस्त्रीखाली तंतूंची टोके वितळून टणक होतात. कडेला लावलेले लेबल आणि शिवलेली जाड किनार आधी काढून टाकावी. जमिनीवर पडलेले कापड त्या दिवसापुरते बाद. झटकून पुन्हा वापरण्याचा मोह होतोच, पण तो आवरावा.

स्वयंचलित धुलाई केंद्रातील फिरते ब्रश आपल्या आधीच्या गाडीची वाळू आपल्या गाडीवर फिरवतात, हे एवढे सांगून तो विषय सोडतो. पाण्याची टंचाई असेल किंवा नळी पोचत नसेल, तर बादलीभर पाण्यात मिसळून वापरायची, न खळबळता धुण्याची द्रावणे मिळतात. त्यांतील पॉलिमर कणांना वेढून निसरडे करतात. धूळ हलकी असेल तेव्हा हा मार्ग चांगला आहे. चिखल असेल तर आधी पाण्याची धार लागतेच.

आता टपावरच्या डागाकडे येतो. पक्ष्यांच्या विष्ठेत यूरिक आम्ल असते हे खरे, पण डागामागे उष्णतेचाही मोठा हात असतो. ऊन लागले की क्लिअर कोट किंचित मऊ होतो आणि प्रसरण पावतो, त्याच वेळी वरची विष्ठा वाळून घट्ट होते, आणि संध्याकाळी रंग आकुंचन पावताना तिच्या खडबडीत आकाराभोवती बसतो. धुतल्यावर विष्ठा जाते, ठसा राहतो. म्हणूनच उन्हाळ्यात गडद गाडीवर काही तासांत उमटणारा डाग थंडीत दोन दिवसांतही उमटत नाही. उपाय साधा आहे आणि वेळेवर केला तर पुरेसा आहे: एक कापड पाण्यात चिंब भिजवून त्यावर पाच-दहा मिनिटे ठेवावे, मग ते वरच्या दिशेने उचलून घ्यावे. घासू नये, कारण विष्ठेत बियांचे आणि वाळूचे टणक कण असतात. गाडीत पाण्याची लहान बाटली आणि दोन स्वच्छ कापडे कायम ठेवावीत. कोणत्याही कोटिंगपेक्षा या दोन वस्तूंनी जास्त टप वाचवले आहेत.

पुढच्या भागावर चिरडलेले कीटकही आम्लधर्मी असतात आणि असेच भिजवून काढावे लागतात. झाडाचा चीक वाळून काचेसारखा झाला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला बोळा त्यावर थोडा वेळ ठेवावा. डांबरासाठी डांबर काढण्याचे द्रावण वापरावे, पेट्रोल नको. बोअरच्या किंवा इतर जड पाण्याचे थेंब वाळले की त्यांतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पांढऱ्या कड्यांच्या रूपाने उरतात. ते ताजे असतील तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून एखादे मिनिट लावले आणि लगेच भरपूर पाण्याने धुतले की जातात, पण उन्हात अनेक आठवडे भाजले गेले तर क्षारांखाली रंगात खळगे पडतात आणि मग पॉलिशशिवाय गत्यंतर नसते. बांधकामाशेजारी गाडी उभी राहत असेल तर सिमेंटचे पाणी हे याहून वाईट, ते तीव्र अल्कधर्मी असते. ग्लायकॉल जातीचे ब्रेक ऑइल तर रंग सरळ मऊ करून सोलून काढते. ते सांडले तर पुसत बसू नये, आधी पाणी ओतावे, कारण ते पाण्यात मिसळते.

धुऊन झाल्यावर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटवरून हलकेच फिरवून पाहा. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा रंग पिशवीतून अनेकदा खरखरीत लागतो. ते रंगात रुतलेले लोखंडाचे सूक्ष्म कण असतात, मुख्यतः ब्रेकमधून किंवा रेल्वेमार्गाजवळून आलेले. त्यांच्यासाठी थायोग्लायकोलेट असलेले द्रावण मिळते. लोखंडाशी संयोग होताच ते जांभळे होऊन वाहू लागते. त्यानंतरही खरखर उरली तर डिटेलिंगची, म्हणजे गाडीच्या बारीक सफाईसाठी मिळणारी, चिकणमाती भरपूर निसरड्या द्रवासोबत फिरवावी. ही माती कण उपटते, पण स्वतःही हलके चरे पाडते, म्हणून ती पॉलिश करायचे असेल तेव्हाच वापरावी. दर महिन्याचा उपक्रम म्हणून नव्हे.

पॉलिशबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. पॉलिश चरे भरत नाही. ते चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणते. हलक्या पॉलिशने एखादा मायक्रॉन जात असेल, जाड कंपाउंडने, म्हणजे भरड पॉलिशने, आणि पॅड एकाच अक्षाभोवती फिरवणाऱ्या रोटरी मशीनने त्याच्या काही पट. ४० मायक्रॉनच्या शिलकीतून हा खर्च होतो आणि ती शिलक पुन्हा भरता येत नाही. अनुभवी कारागीर कारखान्याच्या क्लिअर कोटमधून गाडीच्या आयुष्यात सात-आठ मायक्रॉनपेक्षा जास्त काढायला धजत नाहीत. त्यामुळे दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणे म्हणजे गाडीची काळजी घेणे, हा समज सोडून द्या. माझ्याकडे एकदा पाच वर्षांची काळी गाडी आली होती. मालक शिस्तीचे, वर्षातून दोनदा पॉलिश करून घेणारे. बॉनेटच्या कडांवर, जिथे रंग मुळातच पातळ बसतो आणि मशीनचा दाब जास्त पडतो, तिथे क्लिअर कोट संपून खालचा बेस कोट उघडा पडला होता. ती गाडी एकदाही पॉलिश झाली नसती तर चरे दिसले असते, पण रंग शाबूत असता.

तुमच्या गाडीला एकदा पॉलिश करावे लागेल, आणि ते नीट करून घ्यावे. चऱ्यावर आडवे नख फिरवून पाहा. नख अडकले तर तो चरा पूर्ण काढण्याच्या नादी लागू नये, त्याच्या कडा मऊ करून तो अंधुक करणे एवढेच शहाणपणाचे. कारागिराकडे रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र असावे आणि त्याने काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक भागावर मोजणी करावी. हे यंत्र सहसा एकूण जाडी सांगते, क्लिअर कोटची वेगळी नव्हे, आणि प्लास्टिकच्या बंपरवर साधे यंत्र चालत नाही. तरी एखाद्या दारावर आकडा २०० मायक्रॉनच्या वर गेला तर तो भाग आधी रंगवलेला आहे, आणि आकडा आजूबाजूपेक्षा बराच कमी असेल तर तिथे आधी कोणीतरी खूप घासले आहे, एवढे तरी कळते. हातभर जागेवर सर्वांत सौम्य पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश वापरून आधी चाचणी घ्यावी, पुरेसा परिणाम दिसला नाही तरच एक पायरी वर चढावे. ड्युअल ॲक्शन मशीन, ज्याचे पॅड फिरता फिरता डोलतेही, एकाच ठिकाणी उष्णता साठू देत नाही, त्यामुळे ते रोटरीपेक्षा सुरक्षित. काम झाल्यावर पाण्यात १० ते २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून रंग पुसून दाखवायला सांगा. बरीच पॉलिशे आणि ग्लेझ तेलाने चरे तात्पुरते बुजवतात, गाडी ताब्यात घेताना आरशासारखी दिसते आणि तिसऱ्या धुण्याला चऱ्यांची जाळी पुन्हा वर येते. अल्कोहोलने पुसल्यावर जे दिसेल तेच खरे.

मॅट रंगाच्या गाडीला यांपैकी काहीच लागू होत नाही. तिचा मंदपणा पृष्ठभागाच्या सूक्ष्म खडबडीतपणामुळे असतो, घासले की तिथे चकाकणारा ठिपका उरतो आणि तो परत मंद करता येत नाही.

आता आवरणांचा प्रश्न. कार्नोबा हे ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून मिळणारे मेण, साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळणारे. गाडीच्या वॅक्समध्ये ते तेले आणि द्रावकांबरोबर असते, गडद रंगाला ओलसर खोली देते आणि काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकते. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट दिसायला थोडे कोरडे, पण चार-सहा महिने टिकणारे. दोन्ही घरी लावता येतात, चुकले तर दुरुस्त करता येतात, आणि पक्ष्याची विष्ठा व रंग यांच्यामध्ये थोडा वेळ मिळवून देतात. ‘थोडा वेळ’ हे शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिका किंवा सिलाझेन यांवर आधारित, रंगाला रासायनिक रीतीने घट्ट चिकटणारा थर. त्याची जाडी बहुधा एक-दोन मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी असते. रसायनांपुढे तो वॅक्सपेक्षा नक्कीच जास्त काळ टिकतो, मळ कमी चिकटतो, धुणे सोपे होते आणि चांगली निगा राखली तर तो वर्ष ते तीन वर्षे काम देतो. मात्र त्याच्या जाहिरातीतला ‘९ एच’ हा आकडा फार गैरसमज पसरवतो. ती पेन्सिलीची चाचणी आहे: ९ बी ते ९ एच अशा कठीणपणाच्या पेन्सिली ठरावीक दाबाने पृष्ठभागावर ओढून कोणती चरा पाडते ते पाहायचे. खनिजांच्या मोह्स मापनातल्या ९ शी, म्हणजे माणिक-नीलमाच्या कठीणपणाशी, तिचा काडीचा संबंध नाही. किल्ली, वाळू आणि उडालेली खडी या कोटिंगला जुमानत नाहीत. शिवाय या कोटिंगवर पाण्याचे गोलमटोल थेंब उभे राहतात, ते पाहायला सुंदर असतात, आणि पाणी जड असेल तर प्रत्येक थेंब आपल्या जागी वाळून क्षाराचे कडे सोडतो. म्हणजे कोटिंग केल्यावर गाडी कोरडी करण्याची काळजी वाढते, कमी होत नाही. कोटिंगखाली जे चरे राहतील ते कोटिंग असेपर्यंत तिथेच राहतील, म्हणून आधीची पॉलिशची पायरी नीट झालेली असणे हे बाटलीवरच्या नावापेक्षा महत्त्वाचे आहे. लावल्यानंतर पहिला दिवस पाणी लागू देऊ नये आणि साधारण आठवडाभर शाम्पू लावू नये.

खडीपासून खरोखर वाचवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जास्त. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या पुढच्या कडांना वाळूच्या माऱ्यापासून जपण्यासाठीही याच जातीच्या पट्ट्या वापरतात. चांगल्या फिल्मच्या वरच्या थरातले बारीक चरे उन्हाने किंवा गरम पाण्याने मिटतात, खोल चिरा मिटत नाहीत. लावताना दोन गोष्टींवर नजर ठेवावी. फिल्म गाडीवर ठेवून धारदार पात्याने कापण्याची पद्धत वेळ वाचवते, पण हात जरा जड पडला की क्लिअर कोट कापला जातो आणि ते फिल्म काढल्यावरच कळते. म्हणून आधी कापून आणलेली फिल्म मागावी. दुसरे, जो भाग पुन्हा रंगवलेला आहे तिथली रंगाची पकड कारखान्यातल्यासारखी नसते आणि पुढे फिल्म काढताना रंगही तिच्याबरोबर येऊ शकतो.

पुन्हा रंगवलेल्या भागाची गोष्ट निघालीच आहे तर एक नोंद. कारखान्यात रंग सुमारे १४० अंशांना भाजला जातो, पण पूर्ण जोडलेल्या गाडीला वर्कशॉपमध्ये एवढी उष्णता देता येत नाही, तिथे ६०-७० अंशांवर हार्डनरच्या साहाय्याने रंग पक्का केला जातो. त्यातील द्रावके पुढे काही आठवडे बाहेर पडत राहतात, म्हणून रंग बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे एक ते तीन महिने त्यावर वॅक्स, कोटिंग किंवा फिल्म चढवू नये. साधे धुणे चालते.

गाडीवर घालायच्या कव्हराबद्दल लोक नेहमी विचारतात. बंद जागेत, स्वच्छ गाडीवर, मऊ अस्तराचे कव्हर चांगले. उघड्यावर, धुळकट गाडीवर, वाऱ्यात फडफडणारे कव्हर म्हणजे दिवसभर कोणीतरी फडके मारत बसल्यासारखे आहे. पावसानंतर प्लास्टिकचे कव्हर ओल कोंडून धरते आणि जुन्या दुरुस्तीच्या जागी रंगाला फोड येतात. झाडाखालची सावली हवी की उघडे ऊन, या पेचात मी तरी ज्या झाडावर पक्षी रात्री वस्तीला येतात ते झाड टाळतो आणि बाकीच्यांखाली खुशाल गाडी लावतो.

तुमच्या गाडीचे काम या क्रमाने घ्यावे. टवक्यांना सर्वांत आधी हात घाला, कारण तेवढ्याच जागी नुकसान वाढत राहणार आहे. पत्रा उघडा असेल तर गंज शेजारच्या रंगाखाली सरकत जातो आणि वरून काहीच दिसत नाही. गाडीच्या माहितीपट्टीवर रंगाचा कोड असतो, त्याचा टच-अप रंग मिळतो. टवका अल्कोहोलने पुसावा, गंजाचा ठिपका असेल तर तो खरवडून त्यावर गंजरोधक द्रावण लावावे, मग प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट हे बाटलीच्या झाकणातल्या ब्रशने नव्हे, तर दातकोरण्याच्या टोकाने, अगदी पातळ थरांत, प्रत्येक थर वाळू देऊन भरावेत. टपावरचा डाग आणि बॉनेटचे चरे एकाच हलक्या पॉलिशमध्ये पाहिले जातील. डागाची कड नखाला लागत असेल तर तो थोडा उरला तरी चालेल असे कारागिराला आधीच सांगा, नाहीतर तुम्हाला खूश करण्यासाठी तो नको तेवढा खोल जाईल. त्यानंतर, मोठ्या रस्त्यावर रोजचा प्रवास असेल तर पुढचा बंपर, बॉनेटची पुढची कड, आरसे, दारांच्या कडा आणि हँडलमागच्या वाट्या, जिथे नखांचे आणि अंगठ्यांचे ओरखडे पडतात, एवढ्याच भागांना फिल्म लावा. उरलेल्या गाडीला साधे सीलंट मला पुरेसे वाटते. सिरॅमिक कोटिंगचा विचार सहा महिन्यांनी करा, नव्या पद्धतीने धुतलेल्या बॉनेटवर रात्री पुन्हा दिवा धरून पाहिल्यानंतर.